एक प्रोजेक्ट, तीन कौशल्ये: व्यवसाय आराखडा, संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग यांचा अभ्यासक्रमात एकत्रित वापर

व्यवसाय आराखडा, प्राथमिक संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग हे विषय महाविद्यालयात बहुधा वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात आणि त्यांची परीक्षाही स्वतंत्रपणे होते. याचा परिणाम प्रोजेक्टमध्ये लगेच दिसतो. व्यवसाय आराखड्यात विक्रीचा आकडा असतो, पण तो कुठून आला हे सांगितलेले नसते. संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सरासरी काढलेली असते, पण तिच्यावरून कोणता निर्णय घ्यायचा हे ठरलेले नसते. प्रोग्रामिंगच्या सबमिशनमध्ये तर ज्याचे उत्तर कोणालाही नको असते असा प्रोग्राम चालवून दाखवला जातो. वास्तविक ही तिन्ही कौशल्ये एकाच कामाचे तीन टप्पे आहेत: आराखडा गृहीतके मांडतो, संख्याशास्त्र त्या गृहीतकांवर किती विश्वास ठेवावा हे सांगते आणि प्रोग्राम त्या अनिश्चिततेसह संपूर्ण हिशेब पुन्हापुन्हा करून दाखवतो.

हे नाते नवे नाही. १९७८ मध्ये डॅन ब्रिक्लिन हा हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी होता. वर्गात आर्थिक तक्ते मांडताना एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे खोडून पुन्हा मांडावे लागत. या अडचणीतून त्याला संगणकावरच्या तक्त्याची कल्पना सुचली आणि बॉब फ्रँकस्टनबरोबर त्याने घडवलेला व्हिजिकॅल्क हा प्रोग्राम १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी बाजारात आला. आजची प्रत्येक स्प्रेडशीट त्याच वाटेने आली आहे. अभ्यासक्रमातली गरज आणि प्रोग्रामिंगचे ज्ञान एकाच माणसाजवळ असले म्हणजे काय घडू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुढील सर्व पायऱ्या एकाच काल्पनिक उदाहरणावर दाखवल्या आहेत. एका महाविद्यालयात १,२०० विद्यार्थी आहेत. चार जणांच्या गटाला तेथे वापरलेली पाठ्यपुस्तके एका सत्रापुरती भाड्याने देण्याची सेवा सुरू करता येईल का, हे तपासायचे आहे. रकमा कोणत्याही चलनातल्या समजाव्यात. आकडे मुद्दाम लहान ठेवले आहेत, जेणेकरून प्रत्येक आकडा वाचकाला कागदावर स्वतः पडताळता येईल, आणि तो तसा पडताळावा अशी माझी विनंती आहे.

पहिली पायरी: विषय नव्हे, प्रश्न ठरवा

“पुस्तक भाडे सेवेचा अभ्यास” हा विषय झाला. त्याला चूक किंवा बरोबर असे उत्तर नसते, म्हणून त्यावरचा अहवाल कितीही पानांचा झाला तरी कशालाच बांधील राहत नाही. “पहिल्या सत्रात ही सेवा आपला खर्च भरून काढेल का आणि न काढण्याची शक्यता किती आहे?” हा प्रश्न आहे. त्यात मुदत आहे, मोजता येणारी कसोटी आहे आणि उत्तर अनिश्चित असू शकते याची कबुलीही आहे. गटातील चारही जणांनी हा प्रश्न एका वाक्यात लिहून मार्गदर्शक शिक्षकांकडून मान्य करून घ्यावा, कारण नंतर कोणती माहिती जमवायची आणि कोणती सोडायची हे याच वाक्यावरून ठरते.

दुसरी पायरी: गृहीतकांची वही

माझ्या मते सगळ्या प्रोजेक्टमधला सर्वांत मोलाचा कागद हाच आहे आणि नेमका तोच बहुतेक अहवालांत नसतो. आराखड्यात येणारा प्रत्येक आकडा एका तक्त्यात स्वतंत्र ओळीवर लिहावा. प्रत्येक ओळीत चार गोष्टी असाव्यात: आकड्याचे नाव, त्याची मधली किंमत, त्याची खालची व वरची मर्यादा आणि तो कुठून मिळाला याची नोंद. उगम लिहिताना प्रामाणिक राहावे. “दरपत्रकावरून”, “सर्वेक्षणातून” आणि “आमचा अंदाज” हे तिन्ही उगम चालतात, पण अंदाजाला सर्वेक्षणाचा पोशाख चढवणे चालत नाही.

आपल्या उदाहरणात ही वही अशी दिसेल. सत्राचा स्थिर खर्च २४,०००, म्हणजे कपाटे, नोंदणीची व्यवस्था आणि काम पाहणाऱ्याचे मानधन; पुस्तके कमी गेली वा जास्त गेली तरी हा खर्च तेवढाच राहतो. एका पुस्तकाचे सत्राचे भाडे १५०. प्रत्येक पुस्तकामागचा बदलता खर्च ७०. त्यात मूळ मालकाला द्यायचे ५०, डागडुजी व हाताळणीचे १२ आणि पुस्तक हरवल्यास भरपाईसाठी बाजूला ठेवायचे ८. याशिवाय तीन आकडे मागणीचे आहेत: किती टक्के विद्यार्थी सेवा वापरू म्हणतील, म्हणणाऱ्यांपैकी किती जण खरोखर येतील आणि येणारा प्रत्येक जण किती पुस्तके नेईल.

मागणीचे असे तुकडे करणे महत्त्वाचे आहे. विद्यार्थ्यांच्या आराखड्यात पुष्कळदा “एकूण बाजारपेठेचा केवळ १ टक्का मिळाला तरी” अशी सुरुवात असते. तो १ टक्का कोणी मोजलेला नसतो आणि मोजताही येत नाही. उलट वरचे तिन्ही तुकडे स्वतंत्रपणे मोजता येतात आणि त्यांपैकी कोणता कच्चा आहे हे नेमके दाखवता येते.

तिसरी पायरी: हातानेच काढायचा पहिला हिशेब

सर्वेक्षणाला निघण्यापूर्वी आणि संगणक उघडण्यापूर्वी ना-नफा-ना-तोट्याचा बिंदू काढावा. एका पुस्तकामागे हातात उरणारी रक्कम १५० वजा ७०, म्हणजे ८०. स्थिर खर्च २४,००० भागिले ८० केले की ३०० येतात. सत्रात ३०० पुस्तके भाड्याने गेली तर सेवा खर्चापुरती चालेल.

हा एक आकडा हाती आला की पुढच्या कामाला दिशा मिळते. आता सर्वेक्षणातून “विद्यार्थ्यांना ही कल्पना आवडते का” हे शोधायचे नसून “मागणी ३०० च्या वर जाते का” हे शोधायचे आहे. प्रश्नावली किती मोठी असावी आणि किती लोकांना विचारावे हेही यावरूनच ठरते. मागणी ३,००० च्या घरात असेल तर ढोबळ अंदाज पुरतो. ती ३०० च्या आसपास घुटमळणार असेल तर काळजीपूर्वक मोजमाप लागते.

चौथी पायरी: सर्वेक्षण

येथे घाई केल्यास पुढचे सगळे गणित वाया जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिला निर्णय कोणाला विचारायचे हा. आपल्या वर्गगटात प्रश्नावलीचा दुवा पाठवून जी उत्तरे येतील ती घेणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत धोकादायक पद्धत आहे. नमुना मोठा असला की तो आपोआप खरा ठरतो हा समज १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मोडीत निघाला. लिटररी डायजेस्ट या नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, त्यांतील वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार अल्फ लँडन विजयी होणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. मतपत्रिका ज्या याद्यांवरून पाठवल्या त्यांत सुस्थितीतील लोकांचे प्रमाण जास्त होते आणि उत्तर देणारे लोक उत्तर न देणाऱ्यांहून वेगळे होते. लाखो उत्तरांनी ही त्रुटी भरून निघाली नाही.

म्हणून १,२०० विद्यार्थ्यांना अनुक्रमांक देऊन त्यांतून १०० क्रमांक यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारख्या) पद्धतीने निवडावेत. प्रोजेक्टमधला प्रोग्रामिंगचा पहिला उपयोग येथेच होतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या रँडम मॉड्यूलमधील सॅम्पल हे फंक्शन एका ओळीत हे काम करते आणि त्यात एकही क्रमांक दोनदा येत नाही. निवडलेल्यांपैकी जे उत्तर देत नाहीत त्यांच्याकडे पुन्हा जावे, त्यांच्या जागी सहज भेटणारा मित्र घेऊ नये. समजा शेवटी १०० पैकी ८० जणांची उत्तरे मिळाली. तर अहवालात “८० जणांचे सर्वेक्षण” एवढेच न लिहिता “१०० जणांना विचारले, ८० जणांनी उत्तरे दिली” असे लिहावे.

दुसरा निर्णय प्रश्नांच्या शब्दयोजनेचा. “अशी सेवा सुरू झाली तर तुम्हाला आवडेल का?” या प्रश्नाला नकार देण्यात कोणालाच स्वारस्य नसते. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टी विचाराव्यात: मागील सत्रात किती पाठ्यपुस्तके विकत घेतली, त्यांवर किती खर्च झाला, सत्र संपल्यावर त्यांचे काय केले. त्यानंतरच भाड्याची रक्कम स्पष्ट सांगून “या दराने पुढच्या सत्रात किती पुस्तके घ्याल?” असे विचारावे आणि शून्य हेही उत्तर असू शकते हे दिसू द्यावे. प्रश्नावली आधी दहा जणांवर तपासून पाहावी. ज्या प्रश्नावर दोघांनी “म्हणजे काय?” विचारले तो प्रश्न पुन्हा लिहावा.

उत्तरे आल्यावर ती स्वच्छ करण्याचे काम असते. संख्येच्या रकान्यात कोणी “दोन”, कोणी “२-३”, कोणी “जवळजवळ चार” लिहिलेले असते. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत करावी आणि प्रत्येक बदलाचा नियम लिहून ठेवावा, उदाहरणार्थ “२-३ असे उत्तर असल्यास २.५ धरले”. उत्तरे मराठीत असतील तर फाइल साठवताना सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) प्रकारातला यूटीएफ-८ हाच पर्याय निवडावा, नाहीतर एक्सेलमध्ये उघडताच अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हे दिसू लागतात. नियम शक्यतो प्रोग्राममध्येच लिहावेत, म्हणजे आणखी पाच उत्तरे उशिरा आली तरी सगळी सफाई पुन्हा एका आज्ञेत होते.

पाचवी पायरी: आकड्यांकडे पाहण्याची रीत

सूत्रे लावण्यापूर्वी आलेख काढा. १९७३ मध्ये फ्रान्सिस ॲन्स्कम या संख्याशास्त्रज्ञाने प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच प्रसिद्ध केले. चौघांतही क्षची सरासरी ९, यची सरासरी ७.५ आणि सहसंबंध (दोन राशी किती एकत्र बदलतात याचे माप) सुमारे ०.८१६ आहे. आलेख काढला की मात्र एकात साधी सरळ रेषा दिसते, दुसऱ्यात वक्र, तिसऱ्यात एका बिंदूने रेषेची दिशा बिघडवलेली आणि चौथ्यात तर एक बिंदू वगळता क्षची किंमत बदलतच नाही. सरासरी आणि सहसंबंध यांनी हा फरक पूर्णपणे झाकला होता.

आता आपल्या उत्तरांकडे वळू. ८० पैकी ३२ जणांनी निदान एक पुस्तक भाड्याने घेऊ असे सांगितले, म्हणजे ४० टक्के. हा नमुन्यातला आकडा आहे. सगळ्या १,२०० मधले प्रमाण किती असेल याची मर्यादा काढावी लागते. प्रमाणाची मानक त्रुटी (दुसरा नमुना घेतला असता तर उत्तर साधारण किती हलले असते याचे माप) म्हणजे ०.४ गुणिले ०.६ भागिले ८० याचे वर्गमूळ, जे सुमारे ०.०५५ येते. तिला ९५ टक्के विश्वासासाठीच्या १.९६ या गुणकाने गुणले की ०.१०७ मिळतात. त्यामुळे ९५ टक्के विश्वासाने हे प्रमाण साधारण २९ ते ५१ टक्क्यांच्या दरम्यान आहे. हा पट्टा पाहून अनेक विद्यार्थी नाराज होतात आणि अहवालात फक्त ४० टक्के लिहितात. कृपया तसे करू नका. तो पट्टा हीच तुमची खरी माहिती आहे. तो निम्मा करायचा असेल तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो, कारण त्रुटी नमुन्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते.

उत्तर न दिलेल्या २० जणांचाही विचार करावा. ते सगळे नकार देणारे असते असे धरले तर प्रमाण १०० पैकी ३२, म्हणजे ३२ टक्के झाले असते. ही टोकाची कल्पना असली तरी एका वाक्यात ती नोंदवल्याने वाचकाचा विश्वास वाढतो.

होकार देणाऱ्या ३२ जणांनी मिळून ७७ पुस्तकांची मागणी सांगितली, म्हणजे सरासरी २.४. परंतु मध्यक (उत्तरे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) २ आहे आणि यादी चाळली असता एकाने १५ हा आकडा लिहिलेला दिसतो. असा आकडा दिसताच तो खोडून टाकणे चूक आणि डोळे मिटून ठेवणेही चूक. त्या विद्यार्थ्याला विचारता येत असेल तर विचारावे. समजा त्याने संदर्भग्रंथ आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकेही मोजली होती, जी आपल्या सेवेत नाहीतच. मग कारण लिहून ते उत्तर वगळता येते आणि उरलेल्या ३१ जणांची सरासरी नेमकी २ येते. एका उत्तराने सरासरी २० टक्क्यांनी फुगवली होती आणि हा फुगवटा सरळ विक्रीच्या अंदाजात उतरला असता.

या ३१ उत्तरांचे प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरे सरासरीभोवती किती विखुरली आहेत याचे माप, ०.८५ आहे असे धरू. मानक त्रुटी ०.८५ भागिले ३१ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.१५. लहान नमुन्यासाठी येथे १.९६ ऐवजी थोडा मोठा गुणक देणारे टी वितरण वापरावे; ते १९०८ मध्ये विल्यम गॉसेट याने “स्टुडंट” या टोपणनावाने मांडले, आणि तो गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत नोकरी करत असल्याने मोजक्या नमुन्यांवरून निर्णय घेण्याची गरज त्याला रोजच्या कामातच भासत होती. टीची किंमत २.०४ धरल्यास पुस्तकांची सरासरी १.७ ते २.३ या पट्ट्यात येते.

प्रमाण विचलन संगणकाकडून काढताना एक बारीक गोष्ट सांभाळावी. नमुन्यासाठी भाजक नमुनासंख्येपेक्षा एकने कमी घेतात. पायथनच्या स्टॅटिस्टिक्स मॉड्यूलमधील एसटीडेव्ह आणि पांडाज ग्रंथालय (तयार कोडचा संच) तसे करतात, पण नमपाय हे ग्रंथालय आपणहून पूर्ण संख्येनेच भागते. एकाच माहितीवर गटातल्या दोघांची उत्तरे थोडी वेगळी आली तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

राहिला तिसरा तुकडा: “घेऊ” म्हणणाऱ्यांपैकी खरोखर किती जण येतील? प्रश्नावलीतून हे कळत नाही, कारण बोलण्याला खर्च लागत नाही. सध्या वहीत २० ते ६० टक्के, मधली किंमत ४० टक्के, उगम “आमचा अंदाज” असे लिहू.

सहावी पायरी: प्रोग्राम

मधल्या किमती घेतल्या तर मागणी १,२०० × ०.४ × ०.४ × २, म्हणजे ३८४ पुस्तके आणि नफा ३८४ × ८० वजा २४,०००, म्हणजे ६,७२०. बहुतेक आराखडे येथे थांबतात, “सेवा फायदेशीर आहे” असे लिहितात आणि गुणही मिळवतात. पण तीनही आकडे डळमळीत असताना त्यांच्या मधल्या किमतींच्या गुणाकारावर निर्णय उभा करणे योग्य नाही.

यासाठी जी पद्धत वापरायची तिला माँटे कार्लो म्हणतात. स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात लॉस अलामॉस या अमेरिकी प्रयोगशाळेत ती विकसित केली. उलाम आजारपणातून बरे होत असताना पत्त्यांचा डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढणे अवघड गेले, तेव्हा शंभर डाव खेळून किती सुटतात ते मोजावे हा विचार त्यांना सुचला. आपणही तेच करणार आहोत: एकच सत्र दहा हजार वेळा “खेळून” पाहणार आहोत. त्यासाठी लूप, फंक्शन आणि यादी एवढेच ज्ञान पुरते. सीड म्हणजे यादृच्छिक आकड्यांची मालिका कोठून सुरू करायची हे ठरवणारी संख्या; प्रसामान्य वितरण सरासरीजवळच्या किमती जास्त वेळा देते, तर समान वितरण दोन टोकांमधली प्रत्येक किंमत सारख्याच शक्यतेने देते. रचना अशी:

सीड = ४२
नफ्यांची यादी = रिकामी
१०,००० वेळा पुन्हा करा:
  होकार = प्रसामान्य वितरणातून (सरासरी ०.४०, विचलन ०.०५५)
  आगमन = समान वितरणातून (०.२० ते ०.६०)
  पुस्तके = प्रसामान्य वितरणातून (सरासरी २, विचलन ०.१५)
  मागणी = १२०० × होकार × आगमन × पुस्तके
  नफा = मागणी × ८० − २४०००
  नफा यादीत जोडा
तोट्याची शक्यता = शून्याखालील नफ्यांची संख्या ÷ १०,०००

सगळे आकडे प्रोग्रामच्या मध्यभागी विखरून न ठेवता गृहीतकांच्या वहीची सीएसव्ही फाइल करून तिच्यातून वाचावेत. मग आराखडा बदलला की प्रोग्रामला हात लावावा लागत नाही आणि अहवालातला आकडा एक व प्रोग्राममधला दुसरा असा घोळ होत नाही. चलांना अर्थपूर्ण नावे द्यावीत. पायथन ३ मध्ये ती देवनागरीतही देता येतात. सीड ठरवून ठेवल्याने प्रत्येक वेळी तीच उत्तरे मिळतात, म्हणून तो अहवालात नोंदवावा. रकमांची अचूक बेरीज जेथे लागते तेथे अपूर्णांकांऐवजी चलनाच्या सर्वांत लहान एककातले पूर्णांक वापरावेत, कारण संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ मिळत नाही.

प्रोग्राम चालला म्हणजे तो बरोबर आहे असे नाही. त्याला आधी उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारावेत. तिन्ही आकडे मधल्या किमतींवर गोठवले तर नफा ६,७२० आलाच पाहिजे. आगमन शून्य केले तर तोटा नेमका २४,००० आला पाहिजे. मागणी ३०० केली तर नफा शून्य आला पाहिजे. या तीन चाचण्यांना दहा मिनिटे लागतात आणि त्या अहवालाच्या परिशिष्टात दाखवता येतात.

सातवी पायरी: उत्तराचे वाचन

हा प्रोग्राम चालवल्यावर सरासरी नफा हाताने काढलेल्या ६,७२० च्या जवळच येतो, पण सोबत एक नवी गोष्ट कळते: दहापैकी सुमारे तीन वेळा सेवा तोट्यात जाते. दहा हजार फेऱ्यांमुळे या ३० टक्क्यांतली मोजणीची त्रुटी एका टक्क्याच्या आत आहे, परंतु मूळ गृहीतके त्याहून कितीतरी ढोबळ आहेत, म्हणून अहवालात ३०.१७ टक्के असे न लिहिता “सुमारे ३० टक्के” लिहावे.

आता एक खरी मर्यादा जोडू. समजा कपाटांत मिळून ४०० पुस्तकेच उपलब्ध असतील. मधली मागणी ३८४ असल्यामुळे स्प्रेडशीटमध्ये ही मर्यादा कुठेच अडत नाही आणि नफा ६,७२० च दिसतो. प्रोग्राममध्ये मात्र मागणी ४०० च्या वर गेली की ४०० च धरावी एवढी एक ओळ घातली, तर सरासरी नफा ३,००० च्या आसपास उतरतो, म्हणजे निम्म्याहूनही कमी होतो. कारण उघड आहे: मागणी जास्त असलेल्या सत्रांचा वाढीव नफा आता मिळत नाही, पण मागणी कमी असलेल्या सत्रांचा तोटा पूर्ण सोसावा लागतो. तोट्याची शक्यता मात्र तेवढीच राहते, कारण ना-नफा-ना-तोट्याचा ३०० चा बिंदू मर्यादेच्या खालीच आहे. सरासरी आकड्यांवर केलेला आराखडा आणि आराखड्याचा सरासरी परिणाम या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि प्रोजेक्टमध्ये प्रोग्राम का हवा याचे सर्वांत भक्कम उत्तर मला हेच वाटते.

त्यानंतर एकेक आकडा त्याच्या खालच्या व वरच्या टोकाला नेऊन, बाकीचे स्थिर ठेवून, मर्यादेविना नफा पाहावा. पुस्तकांची सरासरी १.७ ते २.३ बदलली तर नफा २,११२ ते ११,३२८ राहतो, म्हणजे तोटा होतच नाही. होकाराचे प्रमाण २९ ते ५१ टक्के बदलले तर उणे १,७२८ ते १५,१६८. आगमनाचे प्रमाण २० ते ६० टक्के बदलले तर उणे ८,६४० ते २२,०८०. सर्वांत मोठी हालचाल त्याच आकड्याने होते ज्याचा उगम वहीत “आमचा अंदाज” असा लिहिला होता. गटाने उरलेला वेळ कशावर घालवावा हे आता निर्विवाद आहे: प्रश्नावली आणखी शंभर जणांना देण्यापेक्षा “घेऊ” म्हणणाऱ्यांकडून लहानशी परत मिळणारी अनामत घेऊन नावे नोंदवून पाहावीत. किती जण पैसे ठेवतात हे अंदाजाची जागा घेईल.

आणि येथे आराखडाही बदलतो. “सेवा सुरू करावी” किंवा “करू नये” याऐवजी निष्कर्ष असा होतो: आगाऊ नोंदणी ३०० पुस्तकांच्या जवळ पोहोचल्याशिवाय कपाटे व मानधनाचा खर्च करू नये. असा अटीचा निष्कर्ष दुबळा आहे असे काही विद्यार्थ्यांना वाटते. मला तो संपूर्ण अहवालातला सर्वांत धीट भाग वाटतो, कारण तो तपासता येतो.

आठवी पायरी: गटातली वाटणी, अहवाल आणि तोंडी परीक्षा

चार जणांच्या गटात “तू कोडिंग कर, मी आराखडा लिहितो” अशी वाटणी सहज होते आणि तिथेच तिन्ही कौशल्ये पुन्हा तीन खोल्यांत जाऊन बसतात. त्याऐवजी गृहीतके वाटून घ्यावीत. ज्याच्याकडे आगमनाचे प्रमाण आहे त्यानेच त्याची माहिती जमवावी, पट्टा काढावा आणि प्रोग्राममधली ती ओळ लिहावी. कोड दुसरीकडून किंवा एखाद्या संगणकीय साहाय्यकाकडून घेतला असेल तर प्रत्येक ओळ का आहे हे सांगता आले पाहिजे आणि घेतल्याचा उल्लेख केला पाहिजे.

अहवालाची सुरुवात प्रश्न आणि निष्कर्षाने करावी, त्यानंतर गृहीतकांची वही, मग पुरावा, मग हिशेब. नफ्यांच्या यादीचा स्तंभालेख एकच पण मोठा द्यावा आणि शून्याची रेषा त्यावर ठळक काढावी. तोंडी परीक्षेत हमखास विचारले जाते की हा आकडा बदलला तर काय होईल. अशा वेळी परीक्षकांसमोर फाइलमधला आकडा बदलून प्रोग्राम चालवून दाखवता आला तर वेगळे समर्थन द्यावे लागत नाही.

शेवटचे काम पडताळणीचे. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेतील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातील स्वाध्याय म्हणून त्यातले गणित पुन्हा करायला घेतले, तेव्हा उत्तरे जुळेनात. मूळ स्प्रेडशीट मिळाल्यावर दिसले की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. ही चूक, काही वर्षांची वगळलेली माहिती आणि भारांकनाची पद्धत (सरासरीत कोणाला किती वजन द्यायचे) या सर्वांचा विचार करून २०१३ मध्ये त्याने आपल्या प्राध्यापकांसह दाखवून दिले की अतिकर्जाच्या गटातील सरासरी वाढ उणे ०.१ टक्का नसून २.२ टक्के आहे. नामवंतांच्या तक्त्यात जे घडले ते आपल्याही तक्त्यात घडू शकते असे धरूनच चालावे.

त्यासाठी मूळ उत्तरांची फाइल (नावे व संपर्क काढून), सफाईचे नियम, गृहीतकांची सीएसव्ही, प्रोग्राम आणि तो कसा चालवायचा हे सांगणारी अर्ध्या पानाची सूचना हे सगळे एका फोल्डरमध्ये ठेवावे. सबमिशनच्या निदान दोन दिवस आधी तो फोल्डर गटाबाहेरच्या एखाद्या वर्गमित्राला द्यावा आणि त्याच्या संगणकावर, आपण काहीही न सांगता, सर्व पायऱ्या चालवून घ्याव्यात. अहवालातल्या ज्या आकड्याशी त्याचे उत्तर जुळणार नाही तो आकडा आधी दुरुस्त करावा आणि मगच अहवाल छापायला द्यावा.